दूरवरून सांगलीत राहायला येताना: घर, कागदपत्रे आणि पहिले वर्ष

सांगली-मिरजेत दूरच्या राज्यांतून बिऱ्हाड घेऊन येणारी माणसे साधारण दोन प्रकारची असतात. काही जण बँक, रेल्वे, मिरजेची रुग्णालये, विश्रामबागेतील महाविद्यालये किंवा कुपवाडची औद्योगिक वसाहत यांतील नोकरीच्या निमित्ताने प्रथमच या भागात येतात. दुसरी माणसे इथलीच, पण इथे कधी न राहिलेली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांची पुढची पिढी मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आईवडिलांच्या उतारवयासाठी परत येते, आणि मूळ गावाऐवजी पुष्कळदा सांगलीत किंवा मिरजेत घर करते. आडनाव, कुलदैवत आणि गावची जत्रा ठाऊक असली, तरी नळाला पाणी कधी येते आणि कोणत्या कचेरीत कोणता अर्ज चालतो, हे त्यांनाही नव्यानेच शिकावे लागते. हा लेख या दोघांसाठी आहे.

स्थलांतरातला बराचसा मनस्ताप कामांचा क्रम चुकल्याने होतो, असे माझे ठाम मत आहे. सांगलीपुरता योग्य क्रम म्हणजे आधी नदी पाहावी, मग घर ठरवावे, मग पत्त्याचा पुरावा तयार करावा आणि बाकीची कामे त्यानंतर हाती घ्यावीत. काही कागद मात्र जुने गाव सोडण्यापूर्वीच घ्यावे लागतात, म्हणून सुरुवात तिथून करू.

निघण्यापूर्वी हातात घ्यायचे कागद

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावर तेथील शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करून घ्यावी. दुसऱ्या राज्यातील दाखल्यावर ही प्रतिस्वाक्षरी नसेल, तर इथली शाळा प्रवेश अडवून ठेवू शकते, आणि तेवढ्यासाठी हजार-दीड हजार किलोमीटर परत जाणे कोणालाच परवडत नाही. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का, हे तिथेच तपासावे. उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील शाळांत मराठी आडनावांची स्पेलिंगे हमखास बदललेली असतात, आणि ती दुरुस्ती मूळ शाळेतच सोपी असते.

वाहनाच्या बाबतीत जुन्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वी मिळवावे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचे असेल, तर त्याला महाराष्ट्राचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सांगली जिल्ह्याचा क्रमांक एमएच १० आहे. वाहनावर कर्ज असल्यास बँकेचे संमतिपत्रही लागते. इथला कर भरून नवी नोंदणी झाल्यावर जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, म्हणून जुन्या कराच्या पावत्या फेकू नयेत. बीएच (देशभर चालणाऱ्या ‘भारत’) मालिकेचा क्रमांक असलेल्यांना पुनर्नोंदणीचा हा खटाटोप करावा लागत नाही.

गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे. शेगडी बरोबर आणावी. भरलेले सिलिंडर सामानाच्या ट्रकात घालण्याचा विचार कोणीही करू नये. घरातील वयस्कर मंडळींच्या आजारपणाची फाइल, चालू औषधांची यादी आणि जुन्या डॉक्टरांचे सविस्तर पत्र मात्र ट्रकात न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवावे.

सामान

घरगुती वापरातील जुन्या सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरीही प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून त्याप्रमाणे यादी करावी, तिच्या दोन प्रती काढाव्यात आणि एक प्रत ट्रान्सपोर्टवाल्याच्या सहीने स्वतःकडे ठेवावी. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सामानाचे वर्णन ‘घरगुती जुने सामान’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. वाटेतल्या नुकसानीचा विमा बोलण्याबोलण्यात ‘आहेच’ असे सांगितले जाते. तो खरोखर काढला आहे का आणि कोणत्या रकमेचा, हे कागदावर पाहावे. दुचाकी रेल्वेने पाठवायची असेल, तर टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून द्यावे लागते.

उतरवण्याची मजुरी कोण देणार, किती देणार आणि कितव्या मजल्यापर्यंत, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवावे. ट्रक दारात उभा राहिल्यावर हमालीवरून होणारी घासाघीस नेहमी घरच्यांच्या अंगावर पडते. सांगलीच्या गावभागातील किंवा मिरजेच्या जुन्या पेठांतील घर असेल, तर मोठा ट्रक बोळात वळणार नाही हे गृहीत धरावे आणि मोठ्या रस्त्यापासून छोट्या टेम्पोची सोय आधीच करावी.

माणसांनी रेल्वेने येताना मिरज जंक्शन हे ठिकाण धरावे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे मार्ग तिथे मिळतात. दिल्लीच्या निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेसही मिरजेवरूनच जाते. मिरज ते सांगली हे साधारण १० किलोमीटरचे अंतर बसने, रिक्षाने किंवा वडापने (सीटवर भाडे घेणाऱ्या खासगी गाडीने) सहज पार होते. जुळी शहरे असल्यामुळे एका ठिकाणी नोकरी आणि दुसरीकडे घर असणे इथे अगदी रोजचे आहे.

आधी नदी

सांगलीत घर पाहताना भाडे, हवा, उजेड, पार्किंग यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: “२०१९ ला इथं पाणी किती आलं होतं?”

दूरवरून आलेल्या माणसाला या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येत नाही, कारण उन्हाळ्यात आयर्विन पुलावरून पाहिलेली कृष्णा शांत आणि खोल पात्रात वाहताना दिसते. सांगली शहरावर स्वतःचा पाऊस फार पडत नाही. पुराचे पाणी येते ते वरून, महाबळेश्वर ते कोयना या डोंगरपट्ट्यातून आणि वारणेच्या खोऱ्यातून. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणातून विसर्ग वाढवला, त्याच वेळी वारणाही फुगली आणि हरिपूरजवळच्या संगमावर दोन्ही नद्यांचे पाणी एकमेकांना भिडले, की सांगलीजवळ पातळी चढू लागते. त्यामुळे शहरात ऊन पडलेले असतानाही नदी वाढत असते, आणि ‘पाऊस तर थांबला’ या समजुतीवर बसून राहिलेला नवखा माणूस फसतो.

आयर्विन पुलाजवळच्या मोजपट्टीवर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या पुरांची आठवण इथे घराघरांत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि मारुती चौक, हरभट रस्ता, गणपती पेठ यांसारख्या भर बाजारपेठेत होड्या फिरल्या. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, जामवाडी, कर्नाळ रस्ता या सखल भागांत पाणी सगळ्यात आधी शिरते. विश्रामबाग, कुपवाड आणि नदीकाठ सोडून मिरजेचा बराचसा भाग तुलनेने उंचावर आहे. याचा अर्थ गावभागात किंवा बाजारपेठेजवळ राहूच नये असा नाही. तिथे शेजार चांगला, बाजार पायाखाली आणि शहराचे जुने जिवंतपण हाताशी आहे. फक्त तिथे राहायचे तर माहितीनिशी राहावे.

ही माहिती केवळ घरमालकांकडून घेऊ नये. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या घरातील आजोबांना विचारावे. लोक हात भिंतीला लावून पाणी कुठपर्यंत होते ते दाखवतात, आणि ही खूण फारशी चुकत नाही. प्रश्न दोन वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवावे. एक म्हणजे पाणी घरात शिरले होते का, आणि दुसरा म्हणजे घर कोरडे राहूनही रस्ता बंद झाला होता का. दुसऱ्या मजल्यावरचे घर पुरात भिजत नाही, पण वीज, नळाचे पाणी आणि दूध बंद होऊन वयस्कर माणसे चार-सहा दिवस अडकून पडणे ही लहान गोष्ट नाही. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहे, पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी कुठे आहे आणि गाडी तळघरात लावावी लागते का, हेही बघावे.

घर विकत घ्यायचे असेल, तर जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर त्या जागेचे स्थान तपासावे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. निळ्या रेषेच्या आतल्या बांधकामापासून दूर राहणेच शहाणपणाचे. सांगली परिसरात गुंठेवारीच्या, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या, जागाही पुष्कळ आहेत. अशी जागा २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाली आहे का, त्याचे प्रमाणपत्र आहे का, घरपट्टी आणि पाणीपट्टी कोणाच्या नावावर आणि किती थकलेली आहे, हे वकिलांकडून तपासून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. इथल्या काळ्या मातीचाही विचार करावा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट नसेल तर भिंतींना तिरक्या चिरा पडतात आणि दारे चौकटीत अडकू लागतात. म्हणून जुने घर शक्यतो मे महिन्यात पाहावे, तेव्हा त्याचे सगळे दोष उघडे असतात.

पैसे हाताशी असले, तरी पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे, असा माझा आग्रह आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा शहरात काढल्यावर कोणत्या भागात पाणी तुंबते, कोणत्या भागात नळाला दाब नाही आणि मुलांच्या शाळेला कोणता रस्ता सोयीचा, हे आपोआप कळते. परमुलखात वर्षानुवर्षे कष्ट करून जमवलेली पुंजी पहिल्या पंधरवड्याच्या घाईत अडकवू नये.

करार आणि पत्ता

महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. “आपल्यात कशाला कागद?” असे प्रेमाने म्हटले गेले, तरी नम्रपणे आग्रह धरावा, कारण नवख्या माणसासाठी हा करार म्हणजे शहरातला पहिला पत्ता असतो. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील मानीव व्याज यांवर ०.२५ टक्के इतके अल्प आहे, आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही घरमालकांना सोबत घेऊन त्याच आठवड्यात उरकावे.

करार हातात आला, की लगेच आधार कार्डावरचा पत्ता बदलावा. बँक, नवे गॅस कनेक्शन, वाहन परवाना, मोबाइल, शाळा या सगळ्यांचे गाडे आधारच्या पत्त्यावर येऊन थांबते. हा एक बदल आधी झाला तर पुढच्या खेपा वाचतात. मतदार यादीतील नाव हलवण्यासाठी आठ नंबरचा अर्ज भरावा, तो दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनाही चालतो. सहा नंबरचा अर्ज भरून नवीन नाव घातल्यास एका माणसाची दोन ठिकाणी नोंद होते. रेशनवरचे धान्य ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे जुन्या पात्र कार्डावर इथेही मिळू शकते, त्यामुळे जुने कार्ड रद्द करण्याची घाई करू नये; कायम राहायचे ठरल्यावर रीतसर नाव कमी केल्याचा दाखला घेऊन नवे कार्ड काढावे.

अर्ज भरताना अनेकांचा एके ठिकाणी घोटाळा होतो. सांगली हे जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी शहर मिरज तालुक्यात मोडते. त्यामुळे ‘तालुका’ या रकान्यात मिरज लिहायचे. महानगरपालिका सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांची मिळून एकच आहे. पिन कोड मात्र वेगळे आहेत: सांगली शहर ४१६४१६, विश्रामबाग ४१६४१५ आणि मिरज ४१६४१०. पहिल्या अर्जावर जे लिहाल, तेच पुढे सगळीकडे उतरत जाते, म्हणून पत्ता एकदाच विचारपूर्वक ठरवावा आणि सर्वत्र अक्षरशः तसाच लिहावा.

घरात पाऊल ठेवल्यावरचे पहिले दिवस

किल्ली घेतानाच घरमालकांसमोर विजेच्या मीटरवरील आकड्याचा फोटो काढावा आणि मागच्या बिलाची थकबाकी नसल्याची खात्री करावी. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लिहून घ्यावा. बिल भरणे आणि तक्रार नोंदवणे या दोन्हीसाठी तोच लागतो. भिंतींची, नळांची, फरशीची अवस्थाही फोटोत टिपून ठेवावी, म्हणजे अनामत परत घेताना वाद होत नाही.

नळाचे पाणी ठरावीक वेळेलाच येते. ती वेळ शेजारच्या काकूंना विचारावी, आणि साठवणीच्या टाक्या राहायला जाण्यापूर्वी घासून घ्याव्यात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्याने गिझरमध्ये आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो, म्हणून ते वापरापुरते ठेवावे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, त्या काळात पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. कचऱ्यासाठी घंटागाडी येते, तिच्यासाठी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा.

कामाला येणाऱ्या मावशी, दूधवाले आणि पेपरवाले यांची सोय जाहिरातीपेक्षा शेजारच्या शब्दावर लवकर होते. वर्षभराचे धान्य आणि मसाल्याचा बाजार घाऊक भावात करायचा असेल, तर गणपती पेठ गाठावी. हळद घ्यायची ती इथलीच घ्यावी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

वयस्करांसाठी डॉक्टर आजारी पडण्यापूर्वीच ठरवावेत. मिरज हे या साऱ्या भागाचे वैद्यकीय केंद्र आहे. पश्चिम महाराष्ट्राबरोबरच उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. पहिल्या महिन्यात एकदा साधी तपासणी करून फाइल उघडून ठेवली, की रात्री-अपरात्री धावपळ झाल्यास निदान पूर्वेतिहास सांगत बसावे लागत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा, पाठ असावा.

मुलांची शाळा

राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते, तर अनेक राज्यांत ते एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. त्यामुळे स्थलांतर एप्रिल-मे महिन्यांत करावे. जुलै-ऑगस्ट हे पुराचे दिवस असल्याने सामान आणण्यासाठी ते टाळावेत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. परराज्यात वाढलेली मुले घरी मराठी उत्तम बोलतात, पण वाचताना जोडाक्षराला अडखळतात आणि वर्गात कोणी हसले की बोलणेच बंद करतात. उन्हाळ्याच्या सुटीत रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घेतले, तर जूनमध्ये हा ताण पुष्कळ कमी झालेला असतो. हे काम आजी-आजोबांनी केले, तर दोघांचाही दिवस चांगला जातो.

ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत, त्यांनी एक गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे, तसेच अधिवास प्रमाणपत्र असणे आवश्यक असते. बारावीला इथे येऊ, असे ठरवलेल्या कुटुंबांतील हुशार मुलांचे यात कायमचे नुकसान होते. परतायचे निश्चित असेल, तर मुलाच्या नववीच्या आत परतावे, आणि ज्या प्रवेशाचा विचार आहे त्याची चालू वर्षाची नियमावली मूळ माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचावी.

पहिला पावसाळा आणि त्यानंतर

जून संपण्यापूर्वी मूळ कागदपत्रे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या सर्वांत उंच कप्प्यात ठेवावीत आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलवर असाव्यात. जुलैच्या मध्यापासून आयर्विनची पातळी आणि कोयनेचा विसर्ग रोज बघण्याची सवय लावावी; स्थानिक वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे ठळक येतात. आपला भाग सखल असेल, तर ४० फुटांची बातमी येण्याची वाट न पाहता गाडी उंचावर नेऊन लावावी, औषधे आठवडाभराची भरून ठेवावीत आणि आजी-आजोबांना विश्रामबाग-मिरजेकडच्या नातेवाइकांकडे हलवावे. कोणाकडे जायचे, हे कोरड्या दिवसांतच ठरवून त्यांच्याशी बोलून ठेवावे.

ओळखी वाढण्यासाठी गणेशोत्सवाचे दिवस सर्वांत चांगले. वर्गणी मागायला मुले दारात आली, की त्यांना आत बोलवावे, आपण कुठून आलो ते सांगावे आणि संध्याकाळच्या आरतीला सहकुटुंब जावे. परमुलखात मराठी मंडळाच्या गणपतीवर वाढलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नकोच.

दहावा महिना लागला, की करार वाढवायचा की घर बदलायचे, हे घरमालकांशी बोलून ठरवावे. नवा करार झाला तर तोही नोंदवून घ्यावा. वाहनाच्या नोंदणीची १२ महिन्यांची मुदतही याच सुमारास भरत येते. सांगलीच्या परिवहन कार्यालयात जाताना ना हरकत प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि नव्या पत्त्याचा पुरावा यांच्या मूळ प्रती बरोबर न्याव्यात, आणि वाहनही तपासणीसाठी सोबत आणावे.